जोडाचा माणूस : हॅरी फर्ग्युसन

दसरा झाला की बीड जिल्ह्यातले रस्ते ट्रॅक्टरांनी भरून जातात. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॉलीत अख्खा संसार, कोयते, पालाच्या काठ्या, लेकरंबाळं, एखादी शेळी. कुणी पश्चिम महाराष्ट्राच्या वाटेला, कुणी कर्नाटकाच्या. पुढं हंगाम सुरू झाला की त्याच ट्रॉलीत ऊस, आणि एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या. धारूरचा घाट उतरताना या सगळ्या वजनाला धरून ठेवणारी वस्तू म्हणजे एक पिन, एक कडी आणि ट्रॅक्टरच्या मागचा एक हूक. बस्स, एवढंच.

हंगाम संपला की जुन्या ट्रॉल्यांचे सौदे निघतात. घेणारा टायर बघतो, पत्र्यावर बुक्की मारून बघतो, जॅक वर जातो का ते बघतो, मग किमतीवर घासाघीस. दांडीच्या टोकाची कडी वाकून बघणारा दहांत एखादा. आणि आपल्या ट्रॅक्टरला ती ट्रॉली कुठं, किती उंचीवर जोडायची, हा विचार तर घरी आल्यावरच सुरू होतो. तेव्हा गावातला वेल्डिंगवाला जे करून देईल ते खरं.

या एका गोष्टीवर, म्हणजे ट्रॅक्टरला मागचं ओझं कुठं आणि कसं जोडायचं यावर, एका माणसानं जवळजवळ सगळं आयुष्य घातलं. आयर्लंडच्या एका शेतकऱ्याचा हा पोरगा, नाव हॅरी फर्ग्युसन. आज आपल्या गावात कुठल्याही रंगाचा, कुठल्याही कंपनीचा ट्रॅक्टर उभा असू द्या, त्याच्या मागं खाली दोन आणि वर एक अशा ज्या तीन दांड्या दिसतात, ती मांडणी त्यांची.

हॅरी यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा. उत्तर आयर्लंडात डाउन परगण्यात ड्रोमोरजवळ ग्रोवेल नावाचं खेडं आहे, तिथला. अकरा भावंडांत हे चौथे. वडील जेम्स कष्टाळू शेतकरी, पण स्वभावानं कडक आणि धर्माच्या बाबतीत तर फारच. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि हॅरी बापाच्या शेतावर राबू लागले. अंगकाठी लहान. घोड्यांच्या मागं नांगर धरणं, दगड वेचणं, गाड्या भरणं या कामाचा त्यांना मनापासून कंटाळा. बापाशी पटत नव्हतं ते वेगळंच. शेतकऱ्याच्या घरात असा एक पोरगा असतोच, ज्याला शेतात राबायचं नसतं पण शेतातलं काम सोपं कसं होईल हे डोक्यातून जात नसतं.

१९०२ मध्ये ते कॅनडाला निघून जायच्या बेतात होते. तेवढ्यात थोरला भाऊ जो यानं बेलफास्टला सायकली आणि मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं होतं, त्यानं धाकट्याला हाताखाली घेतलं. तिथं हॅरींचे हात बरोबर बसले. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखण्यात त्यांचं नाव झालं. मोटारसायकलच्या शर्यती झाल्या, मग विमानाचं वेड लागलं. स्वतः बांधलेल्या विमानातून ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरो इथं ते उडाले. उडी होती १३० यार्डांची, म्हणजे एखाद्या मोठ्या शेताच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत. पण आयर्लंडात विमान उडवणारा पहिला माणूस म्हणून त्यांची नोंद झाली. १९११ मध्ये त्यांनी बेलफास्टला स्वतःचा मोटारींचा धंदा काढला. तिथं विल्यम सँड्स नावाचा कसबी कारागीर त्यांना मिळाला. पुढच्या सगळ्या कामात हॅरींचं डोकं आणि सँड्सचा हात, अशी जोडी राहिली. १९१३ मध्ये मॉरीन वॉटसन यांच्याशी त्यांचं लग्न झालं.

पहिल्या महायुद्धात इंग्लंड-आयर्लंडला धान्याची टंचाई पडली. घोडी लढाईवर गेली, माणसंही गेली. सरकारनं ट्रॅक्टर आणून नांगरट वाढवायचं ठरवलं. फर्ग्युसन तेव्हा ओव्हरटाइम नावाचा अमेरिकी ट्रॅक्टर विकत होते. १९१७ च्या मार्चात आयर्लंडच्या शेतीखात्यानं त्यांना आणि सँड्सना गावोगाव फिरून ट्रॅक्टर नीट चालतात का ते बघायला सांगितलं. दोघं शेताशेतात हिंडले. जे दिसलं त्यानं फर्ग्युसन अस्वस्थ झाले.

तेव्हाचा ट्रॅक्टर म्हणजे लोखंडी घोडा, एवढाच विचार होता. घोड्याच्या मागं साखळीनं जसा नांगर ओढायचा तसाच ट्रॅक्टरच्या मागं. त्यामुळं नांगर वेगळा आणि ट्रॅक्टर वेगळा. नांगराला स्वतःची चाकं, स्वतःचं वजन, आणि बहुतेक वेळा त्याच्यावर बसायला दुसरा माणूस. चिखलात ट्रॅक्टरची मागची चाकं जागच्या जागी फिरायची, म्हणून कारखानदार ट्रॅक्टर आणखी जड करायचे. जड केला की जमीन दाबली जायची. हे एक झालं. दुसरं त्याहून वाईट होतं. नांगराचा फाळ जमिनीतल्या दगडात किंवा झाडाच्या मुळात अडकला की नांगर थांबायचा, पण इंजिन थांबायचं नाही. मागची चाकं जागेवर अडलेली आणि इंजिनाचा जोर चालूच, मग ट्रॅक्टर स्वतःच आपल्या मागच्या कण्याभोवती फिरायचा. पुढची चाकं वर, आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळा ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटा. त्याच वर्षी बाजारात आलेल्या फोर्डसन ट्रॅक्टरचं तर यासाठी फार वाईट नाव झालं. कितीतरी शेतकरी त्याच्याखाली गेले.

फर्ग्युसन यांनी ओळखलं की दोष इंजिनात नाही, दोष जोडात आहे.

हे समजायला आपल्याकडं इंग्रजी पुस्तक लागत नाही. बैलगाडीवाला हे बापजाद्यांपासून जाणतो. उसाच्या मोळ्या आखाच्या मागं जास्त रचल्या की गाडी उलाळ होते, जू वर उठतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. आखाच्या पुढं जास्त रचल्या तर सगळं ओझं मानेवर, बैलांचे खांदे सुजतात. म्हणून जाणता गाडीवान मोळ्या रचून झाल्या की जू हातानं उचलून बघतो. मानेवर थोडं वजन पाहिजे, पण थोडंच. ट्रॅक्टरचंही तसंच आहे. फरक इतकाच, की बैल अडला की थांबतो आणि इंजिन थांबत नाही.

त्यांचा पहिला नांगर फोर्डच्या मोटारीपासून बनवलेल्या ट्रॅक्टरसाठी होता. तो त्यांनी मागं टोकाला न जोडता ट्रॅक्टरच्या पोटाखाली, मागच्या कण्याच्या पुढं जोडला. त्यामुळं नांगर जितका ओढ घेईल तितकी चारही चाकं जमिनीला दाबली जायची. नांगर वजनाला हलका, त्याला चाकं नाहीत, आणि दुसरा माणूस लागत नाही. पण फोर्डसन स्वस्तात आला आणि त्या मोटारी-ट्रॅक्टरचा बाजार बसला. फर्ग्युसन यांनी मग फोर्डसनसाठी वेगळा जोड काढला, एकावर एक अशा दोन दांड्यांचा. वरची दांडी महत्त्वाची. फाळ अडला की नांगर पुढं कलंडू पाहतो आणि वरच्या दांडीनं ट्रॅक्टरला पुढं रेटतो. जो जोर ट्रॅक्टरचं तोंड उचलत होता तोच आता तोंड खाली दाबू लागला. शत्रूलाच कामाला लावावं तसं झालं.

पण फाळाची खोली एकसारखी राहीना. चढ आला की उथळ, उतार आला की खोल. त्यावर त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी काही वर्षं घालवली. शेवटी तेलाच्या दाबावर चालणारी लिफ्ट बसवली. फाळावर ताण वाढला की वरच्या दांडीवर दाब येतो, तो दाब लिफ्टला कळतो आणि ती नांगर जरासा उचलते. ताण कमी झाला की परत खाली. याचं पेटंट १९२६ चं. आज आपण सीटशेजारच्या ज्या दांडक्यानं नांगराचा ड्राफ्ट लावतो, त्याचं मूळ हे. आधी त्यांनी वर दोन दांड्या आणि खाली एक अशी मांडणी केली होती. मग अनुभवानं उलटी केली, खाली दोन आणि वर एक. तीच कायम झाली.

शोध लागला म्हणजे पैसा आला असं नसतं. अमेरिकेत शर्मन बंधूंबरोबर १९२५ मध्ये नांगराचा कारखाना काढला, तर १९२८ मध्ये फोर्डनं अमेरिकेत फोर्डसन बनवणंच बंद केलं. ज्या ट्रॅक्टरसाठी नांगर, तो ट्रॅक्टरच गेला. मग मंदी आली. कुणी कारखानदार त्यांची मांडणी घेईना, तेव्हा त्यांनी स्वतःचाच एक ट्रॅक्टर बांधला. १९३३ चा हा काळा ट्रॅक्टर पुढं लंडनच्या विज्ञान संग्रहालयात गेला. त्यावरून १९३६ पासून डेव्हिड ब्राउन यांच्या कारखान्यात फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टर निघू लागले. साडेतेराशेच्या आसपास झाले आणि भागीदारांचं बिनसलं. ब्राउनना मोठा ट्रॅक्टर पाहिजे होता. फर्ग्युसन आपल्या आराखड्यातला एक बोल्ट हलवायला तयार नव्हते. हट्टी माणूस होता, हे सांगितलं पाहिजे. नीटनेटकेपणाचं इतकं वेड, की त्यांच्या ट्रॅक्टरबरोबर एकच दोन तोंडी पान्हा मिळायचा. नांगर जोडणं-सोडणं आणि रोजची सगळी आवळणी त्या एकाच पान्ह्यानं व्हायची, शिवाय त्यावर इंचाच्या खुणा असल्यामुळं मापही घेता यायचं. दुपारी शेतात दहा नंबरचा पान्हा सापडत नाही म्हणून घरी पोरगं पिटाळणाऱ्याला याची किंमत कळेल.

१९३८ च्या ऑक्टोबरात ते आपला ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेला हेन्री फोर्ड यांच्याकडं गेले. फोर्ड यांच्या राहत्या वाड्याच्या आवारात नांगरून दाखवलं. मग बाहेर टेबल मांडून, चावीनं चालणारा एक लहानसा खेळण्यातला ट्रॅक्टर आणि नांगर काढून, जोर कुठून कुठं जातो ते समजावलं. फोर्ड स्वतः शेतकऱ्याचे पोर. त्यांना पटलं. फोर्डनी ट्रॅक्टर बनवायचे आणि फर्ग्युसननी विकायचे, असं ठरलं. दोघांनी हातात हात दिले आणि करार झाला. कागद नाही, सही नाही. पुढच्या वर्षी, १९३९ च्या जूनमध्ये ट्रॅक्टर बाजारात आला. किंमत ५८५ डॉलर. दाखवायच्या दिवशी आठ वर्षांच्या मुलाला सीटवर बसवून त्याच्याकडून नांगरून घेतलं होतं. पुढच्या आठ वर्षांत असे तीन लाखांवर ट्रॅक्टर निघाले.

शब्दावर लाखोंची उचल देणाऱ्या-घेणाऱ्या आपल्या मुलखात या हातमिळवणीचं पुढं काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. म्हातारे फोर्ड बाजूला झाले, नातू गादीवर आला. त्यानं हिशोब मांडला, त्याला तो परवडेना. १९४७ मध्ये त्यानं करार मोडला आणि तीच मांडणी वापरून स्वतःचा नवा ट्रॅक्टर काढला. फर्ग्युसन यांच्या अमेरिकेतल्या धंद्याचा पायाच गेला. १९४८ मध्ये ते कोर्टात गेले, दावा होता २५ कोटी १० लाख डॉलरचा. चार वर्षं खटला चालला. १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. शोध कुणाचा हे कबूल झालं, पण त्या चार वर्षांत तब्येत आणि मन दोन्ही झिजलं. लोखंडाचा जोड पक्का करणाऱ्या माणसानं व्यवहाराचा जोड मात्र एका पिनेवर ठेवला होता, ती पिन म्हणजे एका म्हाताऱ्याचं आयुष्य.

इकडं इंग्लंडात १९४६ पासून कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात त्यांचा टीई-२० हा राखाडी रंगाचा लहान ट्रॅक्टर निघू लागला होता. १९५६ पर्यंत पाच लाखांहून जास्त झाले. वजन एक टनाच्या जरा वर, पण जोड बरोबर असल्यानं त्याच्याहून जड ट्रॅक्टरांच्या बरोबरीनं ओढायचा. एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले ते याच ट्रॅक्टरांना पट्टे चढवून.

या ट्रॅक्टरबरोबर फर्ग्युसन यांनी एक ट्रॉलीही विकली, आणि आपल्या कामाची गोष्ट इथं आहे. तीन टनांची, दोन चाकी, उलटणारी ट्रॉली. तिची चाकं मधोमध नव्हती, चांगली मागं सरकवलेली होती. म्हणजे भरलेल्या मालातलं काही वजन मुद्दाम ट्रॅक्टरवर यावं. ते वजन घेणारा हूक ट्रॅक्टरच्या मागं पार खाली आणि कण्याला जितका जवळ ठेवता येईल तितका. चालवणाऱ्यानं सीटवर बसूनच हूक खाली सोडायचा, ट्रॉलीच्या कडीखाली घालायचा आणि लिफ्टनं उचलायचा. ट्रॉली जितकी जड, तितकी मागच्या चाकांची पकड जास्त. बैलाच्या मानेवर थोडं वजन पाहिजे, ती हीच गोष्ट.

मोठ्या रस्त्यावर आपण जे लांबलचक ट्रेलर बघतो, साखरेची नाहीतर सिमेंटची पोती नेणारे, त्यांच्या जोडाला पाचवं चाक म्हणतात. घोडागाडीच्या पुढच्या कण्यावर वळायला एक आडवं चक्र असायचं, त्यावरून हे नाव आलं. त्यात ट्रेलरचं पुढचं वजन ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या कण्याच्या बरोबर वर किंवा किंचित पुढं पडतं, मागं लोंबकळत नाही. म्हणून ते एवढं वजन झेलतं. जुना ट्रेलर घेणारे ट्रान्सपोर्टवाले पहिल्यांदा त्याची किंगपिन मोजतात. ती दोन मापांत येते, दोन इंची आणि साडेतीन इंची. गाडीवरचं चक्र त्याच मापाचं नसेल तर तो ट्रेलर कितीही स्वस्त असला तरी आधी जुळणीचा खर्च धरतात. ट्रॉली घेताना आपण एवढं करत नाही.

तर जुनी ट्रॉली बघायला जाल तेव्हा आधी तिची जात ओळखा. दोन चाकी ट्रॉली हुकावर वजन टाकते. चार चाकी ट्रॉली, जिचा पुढचा कणा वळतो, ती हुकावर वजन टाकत नाही, नुसतं ओढून घेते. दोन चाकीला हूक आणि तो धरणारे बोल्ट मजबूत पाहिजेत, आणि हूक कण्याला जवळ पाहिजे. तो जितका मागं, तितकं ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं आणि स्टेअरिंग हातात राहत नाही. ट्रॅक्टर लहान आणि दोन चाकी ट्रॉली मोठी, ही जोडी नकोच. रिकामी ट्रॉली जोडून काही कळत नाही. भरलेली जोडून सपाट जागेवर फिरवा. वळणावर पुढची चाकं सरळच घसरत चालली तर वजन जास्त पडतंय असं समजा. चार चाकीचं उलट आहे. तिथं पकड वाढत नाही, त्यामुळं ओल्या फडातून निघताना चाकं घसरतात, आणि मग लोक जोर वाढवण्यासाठी नको ते करतात.

नको ते म्हणजे काय, तर साखळी किंवा दांडी वर बांधणं. ड्रॉबारला सोडून टॉप लिंकच्या भोकात, नाहीतर कण्याच्या डब्याभोवती साखळी घालून ओढणं. फडात रुतलेली ट्रॉली काढताना हे सर्रास चालतं. शंभर वर्षांपूर्वी फोर्डसन ज्या कारणानं उलटत होता, तेच हे कारण. टॉप लिंकची जागा नांगराचा रेटा घेण्यासाठी आहे, ओढण्यासाठी नाही. ओढ जितकी खाली तितका ट्रॅक्टर शहाणा. मागच्या चाकांखाली दगड, लाकडं घालून पुढं जोर लावणं तर त्याहून वाईट, कारण चाक फिरलं नाही की ट्रॅक्टर फिरतो. रुतलाच तर आधी माल उतरवा, उलट्या गिअरनं मागं येता येतं का बघा, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर पुढून लावून टोचन करा, आणि तेही खालच्या हुकालाच.

काही जण लिफ्टच्या खालच्या दोन दांड्यांमध्ये भोकाची आडवी पट्टी टाकून ट्रॉली जोडतात. हलक्या कामाला चालतं, पण पट्टी वर-खाली होऊ न देणारे ताण लावलेले पाहिजेत आणि लिफ्ट खाली पाहिजे. जाता-जाता पोरानं लिफ्ट उचलली तर ओढीची जागा वर गेली, हे ध्यानात राहत नाही.

आता कडी आणि पिन. कडी आतून एका बाजूला झिजते, गोल होती ती अंड्यासारखी होते. बोट फिरवून बघा. दांडीच्या वेल्डिंगवर गंजाची बारीक रेघ दिसली तर ती चीर आहे, रंग मारून लपत नाही. पिन हुकाच्या दोन्ही पानांतून आरपार गेली पाहिजे, भोकात खुळखुळता कामा नये, आणि खाली तिला अडकवणारी क्लिप पाहिजे. जुन्या बोल्टचा तुकडा, सळईचा तुकडा, वाकवलेला खिळा ही पिन नव्हे. खड्ड्यात उसळून तो कधी वर येतो ते कळतही नाही. हुकाच्या आणि कडीच्या उंचीत फरक असेल तर ट्रॉली सपाट उभी करून दोन्हींची जमिनीपासून उंची टेपनं मोजा. फरक काढायचा तर दांडीचं टोक बदला, ट्रॅक्टरचा हूक वर चढवू नका. दोन ट्रॉल्या जोडणाऱ्यांनी पहिल्या ट्रॉलीच्या मागचा हूकही बघावा. दुसरीचा सगळा ओढ पहिलीच्या चेसीतून येतो, आणि तो हूक बऱ्याचदा नंतर कुणीतरी चिकटवलेला असतो. पिनेखेरीज एक साखळी सैल सोडून आडवी बांधलेली असली तर पिन निघाली तरी ट्रॉली सुटून मागच्या मोटारसायकलवर जात नाही.

नांगर, पेरणीयंत्र जुनं घेताना तीन दांड्यांच्या पिनांची मापं जुळतात का ते बघा. लहान वर्गात खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि वरची १९ ची असते. त्यापुढच्या वर्गात २८ आणि २५. लहान पिनेला बुश घालून मोठ्या भोकात चालवता येतं, मोठीला लहान भोकात बसवण्यासाठी भोक पाडू नका.

ग्रामसेवक, सरपंच मंडळींसाठी एक वेगळं सांगायचं आहे. टंचाईत ट्रॅक्टरचे टँकर लावले जातात. पाच हजार लिटर पाणी म्हणजे पाच टन, आणि हे ओझं जागेवर बसत नाही. टँकर अर्धा असला की चढावर पाणी मागं धावतं, हुकावरचं वजन उठतं, म्हणजे गाडी उलाळ, आणि मागच्या चाकांची पकड नेमकी चढावरच जाते. ब्रेक मारला की तेच पाणी पुढं आदळतं. टाकीत आडवे पडदे आहेत का, साखळी आहे का, पिनेला क्लिप आहे का, एवढं टँकर ठरवतानाच बघावं. शक्यतो भरलेला नाहीतर पूर्ण रिकामा चालवावा. ट्रॉलीचं आणि टँकरचं नोंदणीपुस्तक ट्रॅक्टरपेक्षा वेगळं असतं. जुनी घेतली तर घेणाऱ्यानं ३० दिवसांत आपल्या नावावर करायची असते. ट्रॅक्टर नावावर आणि ट्रॉली शब्दावर असा व्यवहार आपल्याकडं फार. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा तो कागद मागते, आणि तिथं हातमिळवणी चालत नाही.

फर्ग्युसन यांनी १९५३ मध्ये आपला धंदा कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत मिसळला. शेवटच्या किमतीवर दहा लाख डॉलरचा फरक राहिला तर त्यांनी नाणं उडवायचं सुचवलं. नाणं उडवलं आणि ते हरले. हसत मान्य केलं म्हणतात. वर्षभरात, १९५४ मध्ये, त्यांनी त्या कंपनीतूनही अंग काढलं. दुसऱ्याच्या हाताखाली राहणं जमणारं नव्हतंच. नंतर मोटारींच्या चारही चाकांना जोर देण्याच्या कामाला लागले. पुन्हा तोच प्रश्न, पकड कशी वाढेल. त्यांच्या संस्थेनं बांधलेल्या चार चाकी जोराच्या शर्यतीच्या मोटारीनं १९६१ मध्ये इंग्लंडात ऑल्टन पार्कची शर्यत जिंकली, चालवणारा स्टर्लिंग मॉस. ते बघायला फर्ग्युसन नव्हते. शेवटची वर्षं झोप न लागण्यात आणि मनाच्या उदासीत गेली. २५ ऑक्टोबर १९६० रोजी ग्लॉस्टरशायरमधल्या स्टो गावाजवळ ॲबट्सवूड या राहत्या घरी त्यांचं निधन झालं. वय शहात्तरला थोडं कमी.

त्याच १९६० साली मद्रासला टॅफे कंपनी उभी राहिली आणि मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर आपल्याकडं बनू लागले. बॉनेटवर नाव असलेले ते लाल ट्रॅक्टर माजलगाव, गेवराई, परळीच्या रस्त्यांवर आजही आहेत. त्यांतले बरेच जुने झालेत, दोन-तीन मालक बदललेत, आणि मागच्या हुकाची भोकं कुणी ना कुणी वाढवून घेतलेली आहेत.